सरकीची फौज आणि पखालवाला

कापसाच्या दिवसांत आमच्या सिंदी गावात जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकात पाऊल न ठेवताही माणसाच्या अंगाला रुई चिकटते. कितीही झटका, घरी गेल्यावर कॉलरमागे सापडतेच. आमच्या वाचनालयाचे किस्से मला असेच चिकटलेत. एक झटकायला जावं तर तीन निघतात!

मी त्या वाचनालयाचा मानद चिटणीस होतो. मानद म्हणजे झाडू मारणं, कपाटातली वाळवी काढणं आणि शिव्या खाणं, तिन्ही फुकट. त्या काळात आम्ही एक अद्भुत कादंबरी मागवली, नऊ भागांची. मेघदुर्ग नावाचा किल्ला, त्यासाठी भांडणारे सात राजे, उडते हत्ती, आणि दर दहा पानांनी एक लढाई! प्रत एक आणि वाचायला टपलेले तीस. शेवटी ठरलं, रोज संध्याकाळी ओसरीवर उमाटे गुरुजींनी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गुरुजी प्राथमिक शाळेत होते, त्यांचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा.

पुढच्या रांगेत दोघं कायमचे. एक गणपतराव, जिनातले फिटर. दुसरा दौलत, रेल्वेचा गँगमन. दौलतला वाचता येत नव्हतं, पण त्याची एक संध्याकाळ चुकली नाही.

०

पार्सलवाल्यांची कृपा अशी की तिसऱ्या भागाआधी चौथा भाग आला. गुरुजी म्हणाले, थांबू या. थांबतंय कोण? चौथा उघडला तर पहिल्याच पानावर सेनापती वीरकेतूच्या अस्थी नदीत सोडताहेत! कसा मेला, कुणी मारला, काही कळेना. तरी सगळे हळहळले. गणपतराव तर त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

दोन महिन्यांनी तिसरा भाग आला. त्यात वीरकेतू जिवंत, मिशीला पीळ देऊन गर्जतो आहे, “शंभर वर्षं लढेन!”

गणपतराव कपाळावर हात मारून म्हणाले, “लढ बाप्पा, लढ! एकशे वीस पानं हायेत तुह्याजवळ!”

०

खरी अडचण ही की लढाई कुणालाच कळायची नाही. लेखक लिहायचा, “इकडून हे धावले, तिकडून ते तुटून पडले.” हे म्हणजे कोण आणि ते म्हणजे कोण? रोज वाद.

गणपतरावांनी उपाय काढला. जिनातून पोतडीभर सरकी आणली. ओसरीवर चुन्याची रेघ ओढली, ती नदी; तिच्यावर काडी ठेवली, तो पूल. सरकी म्हणजे शत्रू, तुरीचे दाणे म्हणजे आपण. गुरुजी वाचतील तसे दाणे सरकवायचे. दौलतनं आपल्या खिशातून हरभऱ्याचा एकच दाणा काढला आणि नदीवरच्या पुलाजवळ ठेवला.

“हा कोन रे?” मी विचारलं.

“पखालवाला,” दौलत म्हणाला.

दुसऱ्या भागात होता तो, अर्ध्या पानापुरता. रेड्यावर पाण्याची कातडी पखाल घेऊन फौजेत फिरणारा माणूस. तहानलेल्या राजाला पाणी पाजतो, राजा त्यालाच निरोप देऊन पलीकडे पाठवतो, तो रेड्यासकट पुलावर चढतो आणि मागून पूल पेटतो. पुढे त्याचं नाव नाही. आम्ही विसरूनही गेलो होतो. दौलत मात्र रोज उठताना तेवढा दाणा उचलून खिशात टाकायचा. “पुढच्या भागात लागन.”

एकदा आम्ही चहाला उठलो आणि शेजारची बकरी ओसरीवर चढली. परत येतो तो आपल्या फौजेची उजवी बाजू फस्त! आम्ही तिला हाकललं, शिव्या दिल्या, दाणे नव्याने मांडले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वाचलं, “पहाटे पाहतात तो उजवी फळी नाहीशी झालेली! एकही वीर उरला नव्हता!”

गणपतराव उठले, बकरीपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, “माय, आता डावीकडं नको येजो!”

०

गुरुजींना लढाई चढायची. पाचव्या भागात किल्ल्याच्या दारावर हातघाई सुरू झाली आणि गुरुजी छत्री उपसून उभे राहिले. “मारा! कापा! सोडू नका!”

बाजाराचा दिवस होता. सातआठ माणसं काठ्या घेऊन धावत आली. “कोन मारून राह्यलं? कोनाले?”

आम्ही पुस्तक दाखवलं. तीही मग काठ्या मांडीवर घेऊन बसली. पाचदहा मिनिटांनी त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. “भाऊ, यातला आपला कोन्ता?”

आता काय सांगणार! आपला राजा मागच्याच प्रकरणात शत्रूला मिळाला होता, शत्रूचा भाऊ आपल्याकडे आला होता आणि हत्ती कुणाचे ते लेखकालाही ठाऊक नसावं. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छत्री खाली केली.

“थांबा,” ते म्हणाले, “पहिल्यापासून पाहावं लागन.”

०

एकदा गणपतरावांनी वाचनच बंद पाडलं. चाळीस हजार घोडे वाळवंटातून अकरा दिवस चालले होते.

“कडबा कोठून आनला?”

“अहो, अद्भुत कादंबरी आहे,” मी म्हणालो. “हत्ती उडतात तिथं.”

“हत्ती उडू द्या ना! पन घोडा खाईन का नाई? तलवारीवर सहा पानं, कडब्यावर एक ओळ नाई!”

दौलत हळूच म्हणाला, “अन् पानी कोनं पाजलं?”

त्या दिवशी त्यानं प्रथमच सांगितलं. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला होता. बंदूक नव्हती त्याच्याजवळ, सामान वाहायचा. “गेलता तो गेलता. ना तार आली, ना मानूस.” गुरुजींनी चष्मा पुसला आणि पुढचं पान न वाचताच पुस्तक मिटलं.

०

मग मी लेखकालाच पत्र टाकलं. पखालवाल्याचं पुढे काय झालं, कृपया कळवावे. महिन्यानं कार्ड आलं. “आपण म्हणता तसे पात्र माझ्या कादंबरीत नाही. आपण दुसरे एखादे पुस्तक वाचत नाही ना, याची खात्री करावी.”

आम्ही दुसरा भाग काढून पाहिला. पान एकशे त्र्याण्णव. पखालवाला होता, रेडा होता, पूलही पेटला होता!

गणपतराव संतापले. दौलत शांत. “जाऊ द्या. मोठा मानूस ईसरतेच.”

त्याच आठवड्यात तो अक्षरं शिकायला रात्रीच्या प्रौढ वर्गात बसायला लागला.

०

नववा भाग आला. मेघदुर्ग पडला. विजयसभेत मेलेल्यांची नावं पाच पानं, सत्कार झालेल्यांची तीन. दौलत हरभऱ्याचा दाणा मुठीत धरून ऐकत होता. गुरुजींनी “समाप्त” म्हटलं.

“पुढच्या पानावर का हाये?”

“कोरं आहे, दौलत.”

आमचा नियम होता, रजिस्टरात स्वतः सही करील त्यालाच पुस्तक घरी. दौलतनं पेन घेतलं, जीभ दातात धरली आणि सही केली. तीन अक्षरांना बराच वेळ लागला. आठ दिवसांनी पुस्तक वेळेवर परत आलं. नंतर ते अदलाबदलीत पुलगावच्या वाचनालयात गेलं.

पुलगावहून चिटणिसांचं पत्र आलं. “आपल्या प्रतीत शेवटी जो मजकूर आहे तो येथील एका सभासदाच्या घरच्या प्रतीत नाही. आवृत्ती कोणती?” मी गोंधळलो. आवृत्ती तर एकच निघाली होती!

पुस्तक परत आलं तेव्हा दौलत ओसरीवरच होता. मी शेवटचं पान उघडलं. कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, “पखालवाला घरी आला. हातपाय धुतले. जेवला.”

त्याखाली पुलगावच्या कुणीतरी निळ्या शाईनं विचारलं होतं, “आणि त्याचा रेडा?”

मी पुस्तक दौलतपुढे धरलं. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर स्वतः वाचलं.

“आरं बाप्पा,” तो म्हणाला, “म्या बी ईसरलोच का!”

आणि त्यानं माझ्याकडे पेन्सिल मागितली.