मायग्रेनची मिरगी

आमगावच्या बाजारात धानाचा भाव पाडून मागणाऱ्याला आमचे बाबा चार लोकांत आडवं घेत, पण गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलेला 'मायग्रेन' काही त्यांच्या तोंडात बसेना. घरी येईस्तोवर त्याचं 'मिरगेन' झालं. शेजारच्या काकूने दारातच विचारलं, "का म्हणते डॉक्टर?" बाबांनी सांगितलं. "अगं माय, मिरगी!" म्हणत तिने तोंडाला पदर लावला, आणि दिवे लागेपर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात मला फिट येऊ लागली.

मला जन्मात फिट आली नाही. माझं अर्धं डोकं दुखायचं. अकरा वर्षांची होते. उजेड नकोसा व्हायचा, ओकाऱ्या व्हायच्या, आठवड्याचे दोन-दोन दिवस शाळा बुडायची. आणि मला तर निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसायचं होतं. गुरुजींनी शाळेतून दोनच नावं पाठवली होती. एक माझं, एक काकूच्या मुलीचं.

डॉक्टरने नीट समजावलं होतं. ही गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नाही, दुखणं येऊच नये म्हणून आहे. दुखो न दुखो, रोज जेवल्यावर एक, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दोन महिन्यांत फरक पडला. शाळा बुडेना, गणितं पटापट सुटू लागली. मी तर निवासी शाळेत न्यायची पेटीसुद्धा पुसून ठेवली होती.

तिथंच माशी शिंकली. "दुखून नाही राहिलं तं गोळी कायले खातेस?" बाबा म्हणाले. आई डॉक्टरचं नाव काढायला गेली, तर पाहुणी आलेली आत्या उसळली, "रोज गोळी खाते म्हंजे मिरगीच हाय. उद्या हिले कोन करून घेईल?" अकरा वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! बाबांनी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. परीक्षेला तीन आठवडे होते.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि डाव्या डोळ्यासमोर अक्षरं लकाकायला लागली. मग डोक्यात घण. मी बाकावर डोकं टेकलं. मागून काकूची मुलगी ओरडली, "सर, हिले मिरगी येते!" सरांनी धावत येऊन पायातली चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली. अहो, मी शुद्धीत होते! चांगली शुद्धीत! त्या वासाने मी पेपरवरच ओकले. त्यांचा हात ढकलला, तर म्हणतात कसे, "पाहा, आली शुद्धीवर."

ती मुलगी निवड होऊन गेली. मी दहावीपर्यंत गावातच शिकले, मग लग्न. त्या चपलेचा राग अजून उतरला नाही, आणि चुलीचा तर नाहीच.

परवा माहेरी गेले होते. बाबांना आता बीपी आहे. जेवण झाल्यावर त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.

"चक्कर येऊन राहिली का, बाबा?"

"नाही."

"डोकं दुखून राहिलं?"

"नाही वं."

"मंग गोळी कायले खाता?"

बाबांनी गोळी पाण्यासोबत गिळली. "अवं, काही होऊ नाही म्हणून रोज खा लागते. दहावी शिकली नं तू? एवढं समजत नाही तुले?"