तिच्या सुट्टीचा वार

त्या बाईचा घाबरलेला चेहरा निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. मी तेव्हा गोव्यात, पेडण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात ती धापा टाकत ठाण्यात शिरली.

मूळची बेळगाव जिल्ह्यातली. नवऱ्याने जिवे मारण्याचा प्रयत्न केल्यावर गाव सोडून तेरेखोलकडच्या एका हॉटेलात साफसफाईच्या कामाला लागली होती. गावाहून बहिणीचा फोन आला होता. "तो म्हणतोय, बुधवारी तिला सुट्टी असते, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते. आता सुटत नाही माझ्या हातून."

हॉटेलचे नाव त्याला गावाकडच्या एखाद्या बांधकाम मजुराकडून कळले असेल. पण सुट्टीचा वार आणि खोली? हे आतल्या माणसाशिवाय कोण सांगणार? बुधवार तर तोंडावर आलेला.

कामाच्या पाळ्या लावणारी स्वागतकक्षातली मुलगी डिचोलीकडची, आमोण्याची. तिला चौकशीला बोलावले.

"सायब, म्हाका कांयच खबर ना," ती रडू लागली. फोन तपासला. काही सापडले नाही. खोटे बोलणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो. ही मात्र सारखी त्या बाईच्याच काळजीने विचारत होती, "ती आतां खंय आसा? तिका एकली सोडूं नाकात."

तिला सोडले, पण जिवाला चैन पडेना. मी बहिणीला फोन लावला.

"तो कुणाशी बोलत होता?"

"बोलत नव्हता, साहेब. हॉटेलचं पान उघडून मोबाईलवर टाईप करत होता. आणि हसत होता."

आमच्या महिला हवालदाराने त्या हॉटेलचे संकेतस्थळ उघडले. कोपऱ्यात प्रश्न लिहून विचारायची मदतीची चौकट होती. तिने बाईचे नाव घालून लिहिले, 'यांनी खोली छान ठेवली होती. बक्षीस द्यायचंय, कधी भेटतील?' उत्तर लगेच आले. अतिशय नम्र. वारासकट, खोलीसकट. आम्ही तडक हॉटेल गाठले.

मॅनेजर म्हणाला, "ते एआय आहे, साहेब. बाहेरच्या कंपनीनं जोडून दिलंय."

"त्याला काय काय दिसतं?"

"बुकिंग."

"आणि कामगारांच्या पाळ्या, खोल्या?"

तो घाम पुसू लागला. "जोडताना परवानग्या मागत होतं. मी होय म्हणत गेलो."

ते तिथेच बंद करायला लावले. कंपनीकडून मागवलेल्या संभाषणात नवऱ्याचे प्रश्न जसेच्या तसे होते. तोही खूश झालेला पाहुणाच बनला होता. बाईला सुरक्षित जागी हलवून आम्ही साध्या वेशात हॉटेलामागे थांबलो. बुधवारी तो मागच्या वाटेने आला. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला नवा कोयता होता. पंचांसमक्ष जप्त केला आणि त्याला अटक केली.

पुढे हद्दीतल्या प्रत्येक हॉटेलात मी तोच प्रश्न विचारत फिरलो: तुमच्या ह्या एआयला काय काय दिसतं, आणि ते कुणाला सांगतं? "कंपनी चांगली आहे," एवढेच ऐकायला मिळे. भाडेकरूची आपण पडताळणी करतो. बाहेरून आणलेल्या ह्या गोष्टीची कुणी करत नाही. जोडण्याआधी एकदा वाईट हेतूच्या माणसासारखे तिला प्रश्न विचारून पाहावेत. आम्ही ते नंतर केले. नशिबाने वेळ गेली नव्हती.

जबाब झाल्यावर बाईने नोकरी सोडली. स्टँडवर तिने विचारले, "कुठं चाललेय ते सांगून ठेवू, साहेब?"

"नको. कोर्टाची तारीख बहिणीकडून कळेल."

तिची बस लागली. मी पाटी वाचली नाही.