बटन गुलाबाचा रोवणा

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. आमच्या नर्सरीमागे फुटक्या कुंड्यांचा ढीग आहे ना, तसे. कोणी मोजत नाही, कोणी फेकतही नाही. 'कामी येईल कधीतरी' म्हणायचं, अजून एक फुटकी वर ठेवायची आणि कंबर धरून उभं राहायचं. आज माझी कंबर इतकी दुखतेय की बसून बोलण्याशिवाय दुसरं काही जमणार नाही. तेव्हा थोडा ढीग उपसते.

सावली गावाच्या बाहेर, गडचिरोली रस्त्याला आमची नर्सरी. मालक नारायणभाऊ. बोलणं कमी, पाहणं जास्त. कामाला शेवंताबाई, पन्नाशीच्या पुढच्या, सारं आयुष्य धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात गेलेलं. आणि मी. एमएस्सी बॉटनी, पण पाल दिसली की टेबलावर!

भाऊंनी मला ठेवलं ते अटीवर. कोपऱ्यात मिनी गुलाबाच्या सहा कुंड्या होत्या. गिऱ्हाईक त्याला 'बटन गुलाब' म्हणतं. वीतभर झाड, बटणाएवढी फुलं, खिडकीतसुद्धा मावतं. भाऊ म्हणाले, "मॅडम, या सहाचे शंभर करा. धानकापणी लागायच्या आधी शंभरच्या शंभर फुलावर पाह्यजे. नाई तं तुमची बॉटनी तुमच्यापाशी."

नाही तर काय, ते माझ्या बाबांनी ठरवूनच टाकलं होतं. गडचिरोलीहून रोज फोन. "पोरी, पोलीस भरतीची अकॅडमी पाहून ठेवली. नाव टाकू काय?"

पोलीस! मी!

*

पहिल्याच दिवशी सहातली एक कुंडी उचलली, तर खाली धामण. मी किंचाळले, कुंडी सुटली, ठिकऱ्या. नोकरी लागून वीस मिनिटं झाली असतील.

शेवंताबाईंनी झाड उचललं, मुळं झटकली आणि तेलाच्या रिकाम्या पिप्यात बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. "काऊन भेतेस मॅडम? ते जनावर तं तुलेच पाहून पळालं."

मला बरं वाटलं.

"आता चार दिवस उंदरं तूच मार."

*

मे महिन्यात आमच्याकडे ऊन पडत नाही, कोसळतं. हिरव्या जाळीखालीसुद्धा गुलाबाची पानं कुरकुरीत व्हायला लागली. मी घाबरून सहाही झाडं भाऊंच्या ऑफिसात कूलरपुढे नेली. म्हटलं, दुपारपुरतीच.

ऑफिस म्हणजे टिनाची एक खोली. झोत सरळ लागला तर पानं अजून सुकतात, म्हणून कूलर फिरवला. मग टेबल सरकवावं लागलं. मग खुर्ची बाहेर गेली. खुर्चीमागून भाऊ गेले. अख्खा मे त्यांनी कडुनिंबाखाली काढला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. 

एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "मालक काऊन बाहेर बसून राह्यले?"

शेवंताबाई म्हणाल्या, "आत पेशंट भरती हायेत!"

*

गडचांदूरचे एक काका आदल्या वर्षी इथून बटन गुलाब घेऊन गेले होते. ते झाड कुंडीसकट परत घेऊन आले. कुंडी बादलीएवढी.

"सहा महिने झाले. जेवढं देलं होतं तेवढंच हाये. बिमार माल ठेवता काय?"

मी समजावलं. काका, ही जातच लहान, पान लहान, फूल लहान, मूळ लहान, हे कधीच उंच होणार नाही. दहा मिनिटं बोलले. घसा सुकला.

काका म्हणाले, "ते समजलं. आता वाढायचं औषध द्या."

भाऊ पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लहान कुंडीत लावा. मोठं दिसन."

महिन्याभरानं काका मुद्दाम थांबले. मोटरसायकलवरूनच ओरडले, "वाढलं ना भाऊ!"

मी दोन वर्षं एमएस्सी कशाला केलं, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

*

घुग्घुसचं एक जोडपं आलं. तो खाणीत शिफ्टवर, ती घरी, कडेवर लेकरू. गॅलरीतला बटन गुलाब काळा पडतो म्हणे. मी म्हटलं, पानांवर कोळशाची धूळ बसते, रोज सकाळी पाण्यानं धुवा, आणि जमलं तर बारीक जाळीनं झाका.

पुढल्या वेळी तो एकटाच आला. चेहरा उतरलेला. मी दचकले. "झाड गेलं काय?"

"झाड मस्त हाये मॅडम. तुम्ही जाळी सांगतली, तं तिनं लेकराची मच्छरदाणी काढून त्याच्यावर टाकली. लेकरू रातभर मच्छर मारून राह्यलं."

"मग लेकराला दुसरी घ्या ना!"

"घेतली होती." त्यानं सुस्कारा सोडला. "कुंड्या दोन झाल्या."

*

आता तो किस्सा, जो मी बाबांना अजून सांगितलेला नाही.

जुलै. पावसाची झड. सहा झाडांच्या छाटून एकशेवीस काड्या केल्या होत्या. प्रत्येकीला तिरपा काप, फुटीचे दोन डोळे मातीत जातील एवढी लांबी. लावणार त्याच दिवशी मला चंद्रपूरला परीक्षेला जावं लागलं. बाबांनी परस्पर फॉर्म भरलेली कुठलीशी परीक्षा! मी शेवंताबाईंना दहादा सांगितलं, "काड्या तिरप्या लावा, माती दाबून घ्या, ओलावा राहू द्या. सुकल्या तर संपलं."

दुसऱ्या दिवशी आले, तर ट्रेमध्ये एक काडी नाही. 

"तिथी नाई मॅडम, इथी!" मागच्या बाजूनं हाक.

शेवंताबाईंनी शेडमागची जागा खोदून बांधी केली होती. चारी बाजूंनी बांध. आत पायाचा घोटा बुडेल एवढं पाणी, लोण्यासारखा चिखल. आणि त्या चिखलात माझ्या एकशेवीस काड्या, रांगेनं, एकेक अंगठ्यानं दाबून बसवलेल्या. गावातल्या दोन बाया सोबत घेऊन, वाकून, मागं मागं सरकत, त्यांनी धानाच्या लावणीसारखा गुलाबाचा रोवणा करून टाकला होता!

"एक बी आडवी नाई पडली. पाह्य ना, रांग कशी हाये!" चिखलात उभ्या, पावसात भिजलेल्या, चेहरा उजळलेला. "तू म्हटलं ना, वलावा राहू दे."

मी बांधावर बसून रडायला लागले. शेवंताबाईंना वाटलं, आनंदानं रडतेय. त्याही डोळे पुसायला लागल्या.

भाऊ आले. बांध पायानं दाबून पाहिला. म्हणाले, "बांध चांगला घातला." आणि जाताना माझ्याकडे न बघता, "कापणीले तीन महिने हायेत, मॅडम."

मी पाणी काढलं. आठ दिवसांत काड्या काळ्या पडत गेल्या. अकरा वाचल्या. उभ्या पाण्यात गुलाबाची मुळं गुदमरतात, हे मी शेवंताबाईंना तेव्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

*

ऑगस्टमध्ये सहा झाडांवर होतं नव्हतं तेवढं पुन्हा छाटलं. या वेळी भोकं पाडलेल्या कुंड्या, अर्धी रेती, वर कापलेल्या पाण्याच्या बाटल्या टोपीसारख्या. शेवंताबाई अंगावरच येत, "हात नको लावू मॅडम, तू फक्त मोज!" मी मोजत राहिले. 

ऑक्टोबरपर्यंत शंभर कुंड्या झाल्या. सगळ्या जिवंत, सगळ्या हिरव्या. पण अट फुलांची होती. काल संध्याकाळी एकेक कुंडीपाशी वाकून मोजल्या. ब्याऐंशी फुलावर. अठरांवर कळीसुद्धा नाही, नुसती पानं. आणि भाऊ आज सकाळी मोजायला येणार होते, कारण परवापासून बाया कापणीला जाणार.

"अठरा कमी आहेत," मी शेवंताबाईंना म्हटलं. "मी घरी सांगून टाकते."

"उद्या सांगजो," त्या म्हणाल्या. "आज घरी जाय."

*

आज सकाळी सातला आले, तर शेवंताबाई माझ्या आधी हजर. कंबर धरून उभ्या. कुंड्या दहा-दहाच्या दहा रांगांत मांडलेल्या, दोरी लावल्यासारख्या सरळ. आणि शंभरच्या शंभर फुलावर!

मी डोळे चोळले. ज्या झाडांवर काल तीन-तीन फुलं होती, त्यांच्यावर आज दोन दिसत होती. मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. उजव्या हाताचा अंगठा चिखलानं काळा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फाटकाशी भाऊ.

ते एकेक रांग मोजत चालले. चाळीस. साठ. ऐंशी.  शेवटच्या रांगेत ते थांबले, वाकले आणि एका कुंडीतलं फूल दोन बोटांनी धरलं. फूल अलगद वर आलं. खाली नुसता दांडा, तिरपा कापलेला.

माझा फोन वाजला. बाबा. मी इतकी दचकले की फोन मातीत पडला आणि तिथंच वाजत राहिला.

भाऊंनी दांड्याकडे पाहिलं. मग शेवंताबाईंच्या अंगठ्याकडे. मग ते उकिडवे बसले, दांडा त्याच भोकात खोचला आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं माती दाबली. एकदा इकडून, एकदा तिकडून. उठले, हात झटकले, उरलेल्या कुंड्या मोजल्या.

"शंभर," म्हणाले.

फाटकापर्यंत गेले, आणि तिथून वळून, "मॅडम, या बांधीत तरी पाणी कमी ठेवा."