बर्फातलं ऊन

माझा नवरा सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मार्चमध्ये आम्ही तबूकजवळच्या बर्फाळ डोंगरावर गेलो, तर या गृहस्थाने पायथ्याशी कारखान्यातला सुरक्षेचा फॉर्म काढला आणि मला नि लेकीला उभं करून वाचून दाखवला. त्यातली ‘उन्हापासून जपा’ ही ओळ मात्र त्याने ऐटीत खोडली. “बर्फात कसलं ऊन? यल्ला, चला!”

आम्ही दोघींनी गुपचूप तोंडाला क्रीम फासलं. भुसभुशीत बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत शिखर गाठलं, तोवर चकाकत्या बर्फावरच्या उन्हाने त्याचं नाक भाजून लालबुंद झालं होतं.

कारखान्यात कुणाला नुसतं खरचटलं, तरी हा तीन पानी रिपोर्ट लिहून घेतो. रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, कामावर त्याने स्वतःच्या नाकाबद्दल सगळ्यांना सांगितलं, “सर्दी झालीय.”