आपल्यातले वकील

ग्वाल्हेरातल्या मराठी घरांत एक सवय लहानपणीच लागते. खासगी काही बोलायचं असेल तर मराठीत बोलायचं. सराफ्यात बांगड्या बघताना आई दुकानदाराच्या पुढ्यातच मला सांगायची, "जास्त सांगतोय, ऊठ," आणि मोठं गुपित राखल्यासारखा चेहरा करायची. त्या दुकानदाराच्या मागच्या चार पिढ्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांवरच जगल्या होत्या. त्याला मराठी समजत असेल हे मानायला मात्र आम्ही तयार नव्हतो.

नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवून मी मुलीला घेऊन दाना ओली मोहल्ल्यात आईकडे राहायला आले, तेव्हा वकीलही मी याच सवयीने शोधला. मुलगी आठ वर्षांची. मला घर नको होतं, दागिने नको होते. ती माझ्याजवळ राहावी, एवढंच हवं होतं.

"वकील करायचा तर आपल्यातला कर," आई म्हणाली. "घरची लक्तरं हिंदीवाल्यांसमोर कशाला टांगायची?" आणि तिने शहराच्या लश्कर भागातल्या एका वयस्कर वकीलसाहेबांचं नाव घेतलं.

"ते मुलांच्या ताब्याच्या केसेस चालवतात का?"

"अगं, त्यांचे खापरपणजोबा दरबारात होते!"

मी कॉलेजात इतिहास शिकवते. 'दरबारात होते' या शब्दांत मुत्सद्दीही बसतात आणि पंगतीत पानं मांडणारेही, हे मला ठाऊक आहे. आणखी चार घरी विचारलं. वकीलसाहेबांनी कोणते खटले चालवले ते कोणालाच सांगता येईना. त्यांच्याकडे दसऱ्याला कोण कोण येऊन गेलं ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. तरीही मी गेले. विद्यार्थ्यांना मी पुरावा तपासायला शिकवते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मला पुराव्यापेक्षा ओळख बरी वाटली.

त्यांचं ऑफिस म्हणजे लहानसं संग्रहालयच होतं. भिंतीवर पगडीतले खापरपणजोबा, त्यांच्याखाली काचेच्या पेटीत तलवार. ती गेल्या शंभर वर्षांत म्यानाबाहेर आली असेल असं वाटत नव्हतं. कायद्याच्या जाडजूड पुस्तकांच्या पाठी कोऱ्या करकरीत. वकीलसाहेब स्वतः नक्षीच्या पाठीच्या एका खुर्चीत बसत, आणि समोरच्याची खुर्ची मुद्दामच बुटकी ठेवलेली होती.

"या सूनबाई," ते म्हणाले. "तुमचे सासरे आणि मी गणपती मंडळात बरोबर होतो."

ही त्यांनी ओळख सांगितली असं मला वाटलं. इशारा होता, हे लक्षात यायला वेळ लागला. आपल्याच अशिलाला दुसऱ्या बाजूच्या नात्याने हाक मारणारा वकील, याचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता. पण त्या दिवसांत मला प्रेमाने कोणी हाक मारली तरी डोळे भरून येत.

"वकिलापासून काही लपवू नये," ते म्हणाले. "सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. मराठीत, अगदी मोकळेपणाने. भोपाळच्या एका कॉलेजात मी अर्ज केला होता. निवड झाली तर मुलीला घेऊन तिकडे जायचा विचार होता, तेही सांगितलं. हे मी आईलासुद्धा बोलले नव्हते.

"काही गोष्ट नाही," ते म्हणाले. "सगळं ठीक होईल." इथल्या मराठीत हिंदीचं 'कोई बात नहीं' असं कपडे बदलून येतं. मला तेव्हा त्याने फार धीर आला.

त्याच आठवड्यात मी शाळेच्या फाटकाशी उभी होते आणि मुलगी बाहेर आली नाही. बाईंनी सांगितलं, आजोबा घेऊन गेले. आजोबांना शाळेत सगळे ओळखत, अडवणार कोण?

मी तिथूनच सासऱ्यांना फोन केला.

"आहे आमच्याकडे. वरणभात खाते आहे," ते म्हणाले. "आणि आता इथेच राहील. तू भोपाळला चालली आहेस म्हणे? आमची नात म्हणजे काय सामान आहे, उचललं नि नेलं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आपल्या लोकांत काही लपून राहतं का?"

लपून राहिलं असतं. ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

वकीलसाहेब चहा पीत होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "हो, मीच फोन केला होता. म्हटलं, पोर शहराबाहेर जाण्याआधी घरातल्या घरात मिटवा. सगळं सांगून दिलं त्यांना. आता ते बोलायला तयार आहेत."

"माझी मुलगी घेऊन गेले ते."

"आजोबांकडे आहे हो. कोणी पळवून नेलं का? चार दिवसांनी तुम्हीही जा. रागावर औषध असतं ते."

"तुम्ही माझे वकील आहात."

"मी सगळ्यांचाच आहे, सूनबाई."

हे ते खरोखर अभिमानाने म्हणाले. मी वर खापरपणजोबांकडे पाहिलं. घराण्याची रीत तीच असावी. दोन्ही बाजूंशी बोलायचं, आणि आपली खुर्ची सांभाळायची. नवऱ्याकडून असं काही झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं. त्याच्याकडून मी कशाचीच आशा ठेवली नव्हती. इथे मी विश्वासाने दार उघडून दिलं होतं.

आईला सांगितलं तर तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "पण ते तर आपले..." आणि वाक्य तिने तिथेच सोडलं.

दुसरा वकील शोधताना मी कोणाच्या घरी गेले नाही. कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि तारखेची वाट पाहणाऱ्या बायकांना एकच प्रश्न विचारत राहिले, "आपके वकील तारीख पर खुद आते हैं?" बऱ्याच जणी नुसत्या हसल्या. एक म्हणाली, "मेरी वाली आती है। डाँटती बहुत है, पर आती है।"

ती वकीलबाई सिटी सेंटरमध्ये एका कोचिंग क्लासच्या वर बसायची. दोन साध्या खुर्च्या, एकाच उंचीच्या. पुस्तकांत कागदाच्या खुणा खुपसलेल्या. माझी हकीकत ऐकण्याआधी तिने नवऱ्याचं, सासऱ्यांचं नाव विचारलं, ते कुठे राहतात, काय करतात, त्यांची कामं कोण वकील बघतात, ते विचारलं. मग म्हणाली, "इनमें से किसी को मैं नहीं जानती। जानती होती तो केस नहीं लेती। अब बोलिए।"

माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "आप मराठी लोग तो अपने ही वकील के पास जाते हैं न?"

"जाते थे," मी म्हणाले.

तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या वकिलांविरुद्ध तक्रार करता येते, पण आधी मुलगी. आणि माझी वकील म्हणून तिला उभं राहायचं तर जुन्या वकिलांची ना-हरकत सही लागेल.

त्या सहीसाठी मला तलवारीखाली बराच वेळ बसवून ठेवण्यात आलं. शेवटी ते आतून येऊन आपल्या खुर्चीत बसले. वकीलसाहेबांनी हळूहळू फाउंटन पेनाचं टोपण उघडलं.

"हिंदीवालीकडे चाललात? तिला आपली माणसं काय समजणार, सूनबाई!"

"नाहीच समजत. म्हणून चालले आहे," मी म्हणाले. "आणि मी सूनबाई नाही. तुमची अशील होते."

त्यांनी सही केली. सही मात्र फार सुंदर होती, मोडी वळणाची.

मुलीसाठीचा अर्ज वकीलबाईने तातडीने लावला. न्यायाधीशबाई मुलीशी एकटीशीच बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. निकाल होईपर्यंत मुलगी आईजवळ राहील आणि रविवारी वडिलांकडे जाईल, असा आदेश झाला. पण समोरच्या वकिलाने भोपाळचा विषय उकरून काढलाच. कोर्टाच्या परवानगीवाचून तिला शहराबाहेर नेता येणार नाही, हेही त्याच आदेशात आलं. भोपाळची ती जागा तोवर कोणासाठी थांबणार नव्हती. मी तिथला अर्ज मागे घेतला.

कोर्टातून परत येताना आम्ही दोघी ई-रिक्षात बसलो. समोरच्या सीटवर एक वयस्कर जोडपं होतं. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, मांडीवर भाजीची पिशवी. मुलीने माझा दंड घट्ट धरला होता.

"आई, आजोबांनी मला काय सांगितलं होतं माहितीये?" ती म्हणाली. मग शिकवल्याप्रमाणे समोर एक नजर टाकून तिने आवाज बारीक केला. "मराठीत सांगतेय, यांना नाही कळणार."

समोरच्या बाई भाजी चाचपत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"घरी गेल्यावर सांग," मी म्हणाले.