सुनेच्या दुकानाची बोहणी

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही, हे मी शाळेत शिकलो नाही. शाळा माझी चौथीतच सुटली. हे शिकलो वडिलांच्या गादीशेजारी बसून. धारवाडच्या सुभाष रोडवरून एक गल्ली आत वळते, तिथं आमचं खणांचं आणि इरकल लुगड्यांचं दुकान. वडील सांगलीकडून दोन गाठोडी घेऊन आले. या गल्लीनं त्यांची बोहणी केली म्हणून टिकले, असं ते स्वतः सांगायचे.

गल्लीचा रिवाजच तसा. कुणी नवं दुकान मांडलं की प्रत्येकानं आपलं शटर वर करायच्या आधी तिथं जाऊन काहीतरी घ्यायचं. गरज असो नसो. सुया घे, चमचा घे, गुळाचा खडा घे. पहिली विक्री शेजाऱ्याच्या हातची झाली की दुकानाला माणसांची सवय लागते. हे महिनाभर तरी चालायचं. आमच्याकडं याला कन्नडमध्ये बोणगी म्हणतात, मराठीत बोहणी. कुठल्याही भाषेत म्हणा, बोहणीला नको म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमचं घर नवनगरात. सकाळी मुलगा हुबळीकडं जायचा, गोकुळ रोडवरच्या कारखान्यात, आणि मी उलट बाजूला धारवाडला. घरी सून राहायची. ती बेळगावची, शिकलेली, इंग्रजी चांगलं. मला मामा म्हणते. बायको गेल्यापासून घरात आम्ही तिघंच.

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. मुलाच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. दोन मशीनं झाकून ठेवली, मग चार. त्याला पुण्याहून बोलावणं आलं होतं. तो जेवताना पुण्याचं नाव काढायचा आणि मी ताटातून वर बघायचो नाही. शेवटी दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर सुनेचं काम उभं राहिलं तर इथंच, नाहीतर दोघं पुण्याला. म्हणजे घर राहणार की मोडणार, हे सुनेच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मशीनवर येऊन ठेपलं होतं.

तिचं काम काय, हे मला कळायला वेळ लागला. ती इंटरनेटवर लिहायची. इरकल कसं धुवावं, रेशमाला घडीवर चिरा का पडतात, खणाचा रंग जाऊ नये म्हणून काय करावं. यातलं पुष्कळसं मलाच विचारून घ्यायची आणि इंग्रजीत मांडायची. परदेशात गेलेल्या बायका ते वाचायच्या. लिहिलेल्याच्या कडेला जाहिराती यायच्या. त्या ती लावायची नाही, लांबची एक कंपनी लावायची. मी म्हटलं, मग तुझं काय त्यात? तेव्हा तिनं मला समजेल असं सांगितलं. ओटा आपला, मामा. त्यावर पाट्या दुसऱ्यांच्या. वाचणाऱ्यानं पाटीवर बोट ठेवलं की पाटीवाला कंपनीला देणार आणि कंपनी त्यातलं आपल्याला.

एवढं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगितलं की आमच्या सुनेनं दुकान मांडलंय.

मी जाऊन कुणाला काही करा म्हटलेलं नाही. आजही म्हणतो, नाही म्हटलं. पण शेजारच्या शिंप्यानं विचारलं, कुठं मांडलंय? मी म्हटलं, नेटवर. कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर नेट सेंटर होतं. शिंपी म्हणाला, मग तिथूनच जाता येईल की. बांगडीवाल्या अक्कांनी पत्ता माझ्याकडून पाठ करून घेतला. किराणेवाले अण्णा म्हणाले, आम्ही घ्यायचं काय तिथं? मी म्हटलं, घ्यायचं काही नसतं, कडेच्या पाटीवर बोट ठेवायचं. झालं. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी आमची गल्ली तो जिना चढायला लागली. अक्का गुडघ्याला हात लावून चढायच्या. मी खालून बघायचो आणि ऊर भरून यायचा.

घरी सून हरखली होती. आकडे वाढलेत म्हणायची. मुलगा जेवताना पुण्याबद्दल बोलेनासा झाला. एका रविवारी त्यानं अंगणातल्या नळाची चावी बदलली. जाणारा माणूस नळ दुरुस्त करत नाही, असं मी मनाशी धरलं. सुनेला गल्लीचं काही बोललो नव्हतो. बोहणी करणारा सांगत नसतो आणि करवून घेणारा मोजत नसतो.

मग एका सकाळी चहा आला नाही. आत गेलो तर सून मशीनसमोर बसलेली, मुलगा मागं उभा. कंपनीनं तिचं खातं अडवलं होतं. तुमच्या पाट्यांवर खोटी बोटं पडतायत, असं लिहून आलं होतं. कारण सांगा, थांबवा, आम्ही काही दिवस बघू, नाहीतर कायमचं बंद.

मुलगा म्हणाला, पुण्याला कळवून टाकतो. सून म्हणाली, थांबा. ती स्क्रीनवर काहीतरी बघत होती. सगळी बोटं धारवाडातून पडली होती. एकाच जागेवरून, रोज सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला. ती हळूच वळून माझ्याकडं बघायला लागली.

"मामा, कोण आहे हे?"

"आपली गल्ली," मी म्हटलं. "बोहणी करतायत तुझी."

मुलानं कपाळाला हात लावला. सून हसेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. ती म्हणाली, "ती पाटी ज्याची आहे ना मामा, त्याला प्रत्येक बोटाचे पैसे पडतात. तोही कुठंतरी दुकानदारच आहे. त्याला वाटतं गिऱ्हाईक आलं."

सुनेला म्हटलं, हे आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, तुम्ही विचारायचं होतं. दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यानं खातं सुटणार नव्हतं. तिनं कंपनीला खरं काय ते लिहायला घेतलं. मला म्हणाली, आजपासून एकही बोट पडता कामा नये.

मी धारवाडच्या बसमध्ये बसलो. बस नेहमीसारखीच चालली होती, मला मात्र ती प्रत्येक थांब्यावर मुद्दाम रेंगाळते असं वाटलं. आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता जे न मागता मिळालं ते परत घ्या म्हणायला निघालो होतो. मागण्यापेक्षा ते अवघड.

शिंपी जिन्याच्या पायथ्याशीच भेटला. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण ऐकलं. किराणेवाले अण्णा म्हणाले, बरं तर, राहिलं, आणि वजनं पुसायला लागले. पुसलेलीच होती ती. अक्कांनी मात्र सोडलं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाल्या, "का हो, आमचा हात वाईट झाला काय आता?"

"हात चांगला आहे अक्का. म्हणून तर कंपनीला कळला."

गिऱ्हाईक हसलं. अक्का हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जिना चढल्या नाहीत. दुपारपर्यंत सगळी दारं फिरलो. एक दार सोडून.

ते समोरचं. भांड्यांचं दुकान, माझ्याच वयाचा माणूस. आमच्यात बोलणं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यानं पितळी घागरींची उतरंड माझ्या वाटेत मांडली होती आणि मी ती पायानं सरकवली. विक्रीच्या मालाला पाय लावला, लक्ष्मीला लाथ मारली, म्हणून तो कन्नडमधून ओरडला. वाट माझी आहे म्हणून मी मराठीतून ओरडलो. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, पण त्या दिवशी कुणी आपली सोडली नाही. तेव्हापासून तो त्याच्या गल्ल्यावर, मी माझ्या गादीवर, समोरासमोर, आणि मध्ये बारा पावलांची गल्ली. वाट माझी होती, हे मी आजही म्हणतो.

तो बोहणीला जाणाऱ्यातला नव्हताच. त्याच्याकडं जायचं कारण काय?

पण बोट पडतच राहिलं. सून रोज संध्याकाळी बघायची. बाकी सगळी थांबली, एक राहिलं. तीच जागा, तीच वेळ. ती कंपनीला थांबलं म्हणून कळवून बसली होती, आणि इकडं एक माणूस रोज तिला खोटं पाडत होता. मुलाचं पुण्याशी फोनवर बोलणं सुरू झालं होतं. दार लावून बोलायचा.

मी लवकरची बस धरली, दुकानात शिरून शटर पुन्हा खाली ओढलं आणि अंधाऱ्या बाजूला उभा राहिलो. शटरच्या फटीतून समोर दिसत होतं. भांडेवाला आला. त्यानं कुलूप काढलं नाही. किल्ल्या खिशात टाकल्या, इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यावर जाऊन जिना चढला.

मला सगळं एकदम कळलं असं वाटलं. घागरींचा सूड. गल्लीत चर्चा झालीच असेल की बोट पडलं तर खातं जातं. माझ्याशी वैर धरावं, मी पुरून उरेन. सुनेच्या पोटावर पाय? तो खाली येईपर्यंत मी त्याच्या फळीवर जाऊन उभा होतो. त्याच्या फळीवर, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यानं मला बघितलं, किल्ली काढली आणि कुलूप उघडायला लागला. मी म्हटलं, वर काय करत होतास? तो कन्नडमध्ये म्हणाला, जे सगळे करतात ते. मी म्हटलं, सगळ्यांनी सोडलं. मी घरोघर सांगितलंय. तू तेवढा राहिलास, मुद्दाम. माझं घर मोडायला.

त्याचा हात कुलपावर थांबला.

"घरोघर सांगितलंस," तो म्हणाला. "माझ्या दारात आलास?"

मी फळीवरून खाली उतरलो.

"तुझ्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. ते वेगळं. त्या मुलीनं माझं काय केलंय? तिनं दुकान मांडलं, अख्खी गल्ली जाते, आणि मी समोरचा माणूस जाणार नाही? गल्ली थुंकेल माझ्यावर. पत्तासुद्धा मला अक्कांकडून घ्यावा लागला."

"आणि थांबायचं आहे, हे कुणी सांगितलं नाही?"

"त्यांना वाटलं तू सांगशील. तू शेजारी ना." मग तो फळीवर टेकला. खालच्या आवाजात म्हणाला, "बंद कर म्हण. तुझ्या तोंडानं."

त्याला मराठी येत होतं, पण मी कन्नडमध्ये बोललो. "निल्लसु," म्हटलं. थांबव. एवढा एक शब्द. त्यानं मान हलवली आणि शटर वर ढकललं. मी माझ्या बाजूला आलो.

त्यानंतर एकही बोट पडलं नाही. पण कंपनीनं बघायचं ते बघून झालं होतं. उत्तर आलं, चार ओळींचं, खातं कायमचं बंद. सुनेनं मला ते मराठीत सांगितलं आणि मशीन बंद केलं. मी समोरच्याकडं पहिल्याच दिवशी गेलो असतो तर सुटलं असतं का, हे कुणाला माहीत. मुलगा तसं म्हणाला एकदा. सून कधी म्हणाली नाही.

दिवाळी होऊन मुलगा पुण्याला गेला. सून काही महिने माझ्यापाशी राहिली आणि स्वस्थ बसली नाही. आता तिनं दुसरा प्रकार धरला. बोटाला काही नाही. आपण वाचणाऱ्याला एखादी वस्तू सुचवायची, त्यानं ती खरंच विकत घेतली तरच दलाली. हे मला जास्त पटलं. दलाली म्हणजे काय हे कापडवाल्याला सांगावं लागत नाही. तिनं अटीही वाचून दाखवल्या. त्यात एक होती की घरच्यांनी घेतलेलं धरणार नाही. ती माझ्याकडं बघत वाचत होती. मी म्हटलं, वाच पुढं, मी काही म्हणालो का?

एका दुपारी तिचा दुकानात फोन आला. कुठल्या तरी लांबच्या गावातल्या बाईनं इरकलासाठी लाकडी पेटी घेतली होती, सुनेनं सुचवलेली. ओळख ना पाळख.

"मामा, बोहणी झाली," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि गल्लीत कुणाला सांगायला उठलो, आणि पुन्हा बसलो.

ते दुकान तिला कुठूनही चालवता येत होतं. तसं ती म्हणालीसुद्धा. इथून म्हणजे इथूनच असं नाही, मामा. त्या उन्हाळ्यात तिनं मशीन खोक्यात घातलं आणि पुण्याला गेली. नवनगरच्या घरात मी आणि मुलानं बसवलेली ती नळाची चावी. मला चला म्हणाले दोघंही. माझं दुकान खोक्यात मावत नाही.

गल्ली अजून विचारते, सुनेचं कसं चाललंय? चाललंय म्हणतो. कुठं, कसलं, काही सांगत नाही. अक्कांना वाटतं मी चढून गेलोय. वाटू दे.

समोरचा आता कधीतरी गादीच्या कडेला येऊन बसतो. पहिल्यांदा आला तेव्हा, सकाळीच, मी नुकती उदबत्ती लावली होती. त्यानं एक खण उचलला, निवडलाही नाही, वरचाच उचलला. मी घडी घातली. तो पैसे काढता काढता म्हणाला, सुनेचं कसं आहे? मी तोंड उघडलं तसा त्यानं हात वर केला.

"पत्ता सांगू नकोस," तो म्हणाला. "चाललंय का एवढंच सांग."

चाललंय, म्हटलं.