एकच लेकरू दोनदा बरं होत नाही

सकाळचा तास संपवून वर्गाबाहेर आले, तर शिपाई दारातच उभा. "बाई, शालूबाई गेल्या..." मला आधी आला तो राग. रडू मागून आलं. आता सगळे तिला 'हुशार होत्या, पण हट्टी' म्हणणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. महिना झाला, तेच ऐकतेय. होती हट्टी. मग?

शालू चारठाण्याची. परभणीच्या आमच्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची, मी मराठी. नामांतराची ती वर्षं, आज बंद, उद्या मोर्चा. कॉलेजला कुलूप लागलं की मी तिच्या खोलीवर जायची आणि ती माझ्या अलंकारांची थट्टा करत चहा टाकायची. तिचा मामेभाऊ दत्तादादा शहरात लहान मुलांचा डॉक्टर. पोरीला एवढं शिकवायचं कशाला, असं घरातल्यांनी ठरवलं होतं, तेव्हा हा गडी उपाशी बसला होता. म्हणून शालू औरंगाबादला शिकायला गेली. दादाचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही... त्या एका दिवसापर्यंत.

दादानं एकदा कागदांचा गठ्ठा आणला. मुलांच्या जुलाबांवर नवं औषध निघालं होतं. ठिकठिकाणच्या शिबिरांत डॉक्टरांनी काही मुलांना मीठ-साखरेच्या पाण्यासोबत ते औषध दिलं, काहींना नुसतंच पाणी, आणि काय झालं ते लिहून ठेवलं. प्रत्येक प्रयोग एवढासा, एकट्याच्या जोरावर काही ठरेना. म्हणून सगळ्यांचे निकाल एकत्र करून त्यातून एक निष्कर्ष काढायचा. या पद्धतीला पुस्तकात भारदस्त नाव आहे, शालू तिला 'गोळाबेरीज' म्हणायची. तिचा त्या पद्धतीवर जीव होता, म्हणून तर ती इतकी कडक वागली. अहवालावर तिची सही झाली की ते औषध जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत जाणार होतं.

निकाल औषधाच्या बाजूनं आला. शालू खूश होती. पडताळणीसाठी मी गावांची नावं वाचत होते. 'सावरगाव' वाचलं, थोडं पुढे 'राणीसावरगाव' आलं आणि मला हसू फुटलं. ते माझं माहेर. आम्ही बोलताना राणीला केव्हाच रजा दिलीय, नुसतं सावरगाव म्हणतो. शालू हसली नाही. सावरगावं काय कमी आहेत का, खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणाली, आणि मला घेऊन माझ्या माहेरी जायला गंगाखेडची गाडी धरली.

माझ्या काकूनं ओसरीवरच निकाल लावला. "शिबिर एकच झालतं की गं. दोन डागदर आलते. दोघांनी बी आपापलं लिहून नेलं."

परतल्यावर तिनं दादाला गाठलं. मी तिथंच होते.

"आन् आपल्या चारठाण्याजवळ, जिंतूरला बी शिबिर झालतं ना, दादा? त्याचा कागद कुठाय?"

"त्यात औषधानं काय फरक पडला न्हाई. मग कोण छापायलंय ते?"

शालूनं जिंतूरचे आकडे मागवून त्यात धरले, सावरगाव एकदाच धरलं आणि सगळं पुन्हा मांडलं. औषध वाईट ठरलं नाही, चांगलंही ठरलं नाही. 'सांगता येत नाही' एवढंच उरलं. तिनं तेच लिहिलं.

दादा लाल झाला. "एका गावानं एवढं काय बिघडायलंय, शालू?"

"लेकरं तीच, आन् दोनदा बरी झाली व्हय, दादा?"

"यासाठी शिकवलं मी तुला?"

"यासाठीच शिकवलंस. दुसरं कशासाठी?"

दुसऱ्या कुणाची तरी सही झाली आणि औषध दवाखान्यांत गेलं. दादानं भाऊबीजेला येणं सोडलं. शालू दर वर्षी पाट मांडायची, रांगोळी घालायची, आणि संध्याकाळी मुकाट्यानं पाट उचलून ठेवायची. मला ते बघवायचं नाही. "जा, माफी माग," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, "पाट मांडते ना मी. सही तेवढी न्हाई देणार."

कॉलेजात शोकसभा झाली. दादा पहिल्या रांगेत होता. प्राचार्यांनी ठराव वाचला. बाई शिस्तीच्या होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या, अहवालाचा वाद गैरसमजातून झाला होता आणि बाईंनाही ते शेवटी पटलं होतं... "हा ठराव सर्वानुमते..."

मी उठले. "सर्वानुमते लिहू नका. तिला काहीही पटलं नव्हतं. विरोधात एक मत लिहा."

प्राचार्यांनी दादाकडे पाहिलं, तो सावरून घेईल या आशेनं. दादा उठला. वर बघितलंच नाही त्यानं.

"एक न्हाई," म्हणाला, "दोन लिहा."

मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ती दोन मतं दोन माणसांची होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.